पाच वॅट पुरे

इलेक्ट्रिक गिटार कशालाही न जोडता वाजवली, तर तिचा आवाज डब्यावर ताणलेल्या रबरबँडपेक्षा फारसा मोठा येत नाही. शिकायला लागलो तेव्हाचे आठ-नऊ महिने मी ती तशीच वाजवली. गिटार उसनी मिळाली होती, अ‍ॅम्प कोण देणार? रात्री अकराला वाजवायला बसलो तरी त्याच खोलीत निजलेल्या आजीची झोप मोडत नसे, एवढाच काय तो फायदा.

या गिटारला पोट नसतं. भरीव लाकडाची फळी, तिच्यावर सहा पोलादी तारा आणि तारांखाली पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की वेढ्यांमध्ये इवलासा विद्युतदाब तयार होतो. व्होल्टचा दहावा हिस्सा, जोरात छेडली तर थोडा जास्त. गिटारचं काम इथे संपतं. स्वर गोल येणार की खरबरीत, छेडल्यावर किती रेंगाळणार, जोर लावला की फाटणार की फुलणार, हे सगळं पुढे अ‍ॅम्प ठरवतो. अ‍ॅम्प म्हणजे नुसतं आवाज मोठा करायचं यंत्र, असं कुणी म्हणालं की मी त्याला विचारतो : तंबोऱ्याचा भोपळा काढून ठेवला तर उरलेल्या दांडीला तंबोरा म्हणायचं का?

हे पुस्तक तो भोपळा घरी कसा करायचा याचं आहे.

त्यात अ‍ॅम्प एकच आहे, आणि त्याचं सर्किट माझं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी फेंडर कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चँप’ या छोट्या अ‍ॅम्पची जी आवृत्ती काढली, तिचं सर्किट ‘५एफ१’ या नावाने जगभरच्या हौशी मंडळींना पाठ आहे. तीन व्हॉल्व्ह : सिग्नल वाढवायला १२एएक्स७, स्पीकर हलवायला ६व्ही६ आणि विजेच्या एसीचा डीसी करायला ५वाय३. डझनभर रेझिस्टर, सहा-सात कपॅसिटर, दोन ट्रान्सफॉर्मर, आठ इंची स्पीकर. बटण एकच, आणि चालू-बंद करायचा खटकाही त्याच बटणात. ताकद सुमारे पाच वॅट.

पाच वॅट म्हटलं की हसणारे भेटतात. आमच्याकडे गणपतीच्या मंडपातसुद्धा हजारांत बोलायची पद्धत आहे. पण कानाचा हिशोब वेगळा असतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट साधारण दसपट लागतात. म्हणजे पन्नास वॅटचा धिप्पाड अ‍ॅम्प आपल्या पाच वॅटवाल्याच्या जेमतेम दुप्पट मोठा वाटेल. दोन खोल्यांच्या घरात पाच वॅटचं बटण निम्म्यावर नेलं की खालच्या मजल्यावरचे काका जिना चढायला लागतात, हा माझा अनुभव.

शिवाय व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची खरी गंमत त्याला दमवल्यावर कळते. ६व्ही६ ला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की लहरीचा माथा चेपतो. पण चेपताना कडा मऊ राहतात. त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे स्वर उमटू लागतात, त्यांत दुप्पट कंपनाचा, म्हणजे तारसप्तकातला तोच स्वर आधी. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलंय कुणी? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत कारागीर एका जागी थांबतो आणि बंद असलेला आवाज एकदम खुलतो. तार तीच, छेड तीच, वरचे स्वर मात्र आता ऐकू यायला लागलेले. पाच वॅटच्या अ‍ॅम्पला ही जागा घरात सापडते. पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पला ती शोधायला मैदान लागेल.

मी स्वतः हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो गिटारचा नव्हेच. मुंबईत आणि कोकणात मिरवणुकीपुढे बेंजो असतो. टेम्पोवर अ‍ॅम्प, वर कर्णे, आणि वाजवणारा त्या अ‍ॅम्पला इतका पिळून काढतो की बेंजोची तार ओरडायला लागते. ज्याला रॉकवाले ओव्हरड्राइव्ह म्हणतात तो चाळीतल्या पोरांना आधीपासून माहीत होता. फक्त आम्ही त्याला ‘फाटलेला आवाज’ म्हणत होतो.

सर्किट माझं नाही, असं वर लिहिलं ते विनय म्हणून नाही. या धंद्याचा इतिहासच नकलेचा आहे. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्याने फुलर्टनमध्ये दुकान थाटलं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तकांत नमुन्याची सर्किटं छापत आणि दुरुस्तीवाले ती उचलत. फेंडरच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्पचं मूळ तिथलं. पुढे लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये ड्रम शिकवणाऱ्या जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाले येऊन अमेरिकन अ‍ॅम्प मागत आणि ते महाग पडत. मग १९६२ च्या सुमारास दुकानातला दुरुस्ती करणारा केन ब्रान आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ यांनी फेंडरच्या ‘बासमन’ अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून आपला बांधला. सर्किट जवळपास तेच. पण ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारे, स्पीकर तिथल्याच सेलेस्टियन कंपनीचे, पॉवरचे व्हॉल्व्ह लवकरच केटी६६. आवाज वेगळाच निघाला आणि त्या आवाजावर पुढची दहा-पंधरा वर्षं रॉक संगीत उभं राहिलं. कुणी नवा शोध लावायला बसलं नव्हतं. जे सामान हाताशी होतं ते लावलं, इतकंच.

सामान बदललं की आवाज बदलतो, हे एक वाक्य या पुस्तकातून घेतलंत तरी माझी मेहनत वसूल आहे. कारण आपलं सामान लॅमिंग्टन रोडवरचं असणार.

त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते पत्रावर लिहिण्यापुरतं. ग्रँट रोड स्टेशनात उतरून चालत गेलं की रेझिस्टर, टॅग स्ट्रिप, पॉट, जाड कथील, टेफ्लॉनची तार असं सगळं काही पावलांच्या अंतरात मिळतं. पुण्याची मंडळी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जातील. रेझिस्टर मागताना ओहमच्या आधी वॅट सांगायची सवय लावा, नाहीतर दुकानदार पाव वॅटचे हातावर ठेवतो. इथे निदान अर्धा वॅट हवा आणि दोन-तीन ठिकाणी दोन वॅट. कपॅसिटरवर व्होल्ट वाचूनच पैसे द्या. पन्नास व्होल्टचा कपॅसिटर इथे सुतळी बॉम्बसारखा वाजेल. आपल्याला ४५० चा लागतो. व्हॉल्व्ह नवे घ्यायचे तर रशिया, स्लोव्हाकिया, चीन इथे अजून बनतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते; जुन्या दुकानांच्या माळ्यावर ती पिवळी पडलेली खोकी अजून निघतात. मात्र व्हॉल्व्हसाठी आजोबांचा चालू रेडिओ फोडू नका. ते पाप आहे असं मी म्हणणार नाही, पण निकाल लावणाऱ्याला मी पुस्तक उधार देत नाही.

अडतं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. तयार मिळत नाही, वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या अ‍ॅम्पच्या वेळी ज्या काकांकडे गेलो, ते गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बॉबिनवर तार भरत बसले होते.

“कसला आउटपुट? रेडिओचा?”

“गिटारच्या अ‍ॅम्पचा, काका. सिक्स व्ही सिक्सला लागतो तो.”

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “अजून मिळतो तो व्हॉल्व्ह? कागदावर लिहून दे. मंगळवारी ये.”

मी पाच हजार ओहमला चार ओहम एवढंच लिहून दिलं आणि मंगळवारऐवजी सोमवारीच जाऊन उभा राहिलो. वार्निशात बुडवायच्या आधीच ट्रान्सफॉर्मर उचलून आणला.

रात्री जोडणी संपली. बटण फिरवलं, व्हॉल्व्ह लाल झाले आणि स्पीकरमधून अशी शिट्टी निघाली की मांजर माळ्यावर गेलं. ही पहिल्या अ‍ॅम्पची ठरलेली सलामी आहे, घाबरू नका. ५एफ१ मध्ये स्पीकरकडून एक तार परत मागे, दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला येते. ती आवाज आवरून धरण्यासाठी असते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट लागल्या असतील तर तीच तार आवरण्याऐवजी चिथावणी देते. तारांची अदलाबदल केली, शिट्टी थांबली, गिटार वाजली.

पण कशी? वरच्या तारा ठीक. खालच्या दोन तारा छेडल्या की पोकळ, दबकी, टिनच्या पत्र्यावर पाऊस पडावा तशी. आठवडाभर मी रेझिस्टर बदलत बसलो, नवा स्पीकरही आणला. शेवटी मीटरने मोजलं. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर असतो, त्याच्यावर वीस व्होल्ट. वीसला ४७० ने भागा : सुमारे ४२ मिलिअँपिअर. एवढा डीसी करंट चोवीस तास एकाच दिशेने त्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेतून जाणार. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ट्रान्सफॉर्मरचा गाभा ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पत्र्यांचा असतो. धंद्यात त्यांना स्टॅम्पिंग म्हणतात. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते आलटून-पालटून भरतात, एक ई इकडून, एक तिकडून, म्हणजे फट राहत नाही. आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तसं चालत नाही. डीसीने लोखंड आधीच चुंबकत्वाने तुडुंब भरतं आणि खर्जाच्या मोठ्या लहरींना जागाच उरत नाही. म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बारीक फट ठेवायची. काकांनी नेहमीच्या सवयीने भरला होता. मी सांगितलंच नव्हतं, त्यांना काय स्वप्न पडणार?

वार्निश नव्हतं ते बरं झालं. पाटावर वर्तमानपत्र पसरून एकेक पत्रा सुटा केला, ई एकीकडे रचले, आय एकीकडे, मध्ये वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून घातली आणि पट्ट्या आवळल्या. खालची तार छेडली. खोलीतल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं थरथरली.

वहीचा पुठ्ठा कुठल्याही फेंडरमध्ये नसेल. तो माझ्या अ‍ॅम्पमध्ये अजून आहे. काकांना कागदावर काय काय लिहून द्यायचं ते पाचव्या प्रकरणात आकृतीसकट दिलंय, म्हणजे तुम्हाला पत्रे मोजत बसायला नको.

किट घ्यावं की सामान जमवावं, असं नेहमी विचारतात. परदेशी किटमध्ये भोकं पाडलेली चॅसी, मोजून दिलेले भाग आणि रंगीत पुस्तिका येते. ज्याला शनिवार-रविवारातच बांधून मोकळं व्हायचंय त्याने ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. दोनच गोष्टी आधी बघा. कस्टमची ड्युटी किती पडणार, आणि ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे का. अमेरिकेतला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या प्लगला लावला की किट संपतं, आणि त्याचा वास आठवडाभर घरात राहतो. किटमधल्या रंगीत, जुन्या वळणाच्या कपॅसिटरांवर जास्तीचे पैसे घालवायची मला गरज वाटत नाही. माझ्या मते खिशात पैसे असतील तर ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्यावर घालावेत. बाकी सगळं लॅमिंग्टन रोडचं चालतं.

पैसे वाचवायला मात्र कुणी हे करू नये. तयार आयसीचा अ‍ॅम्प यापेक्षा स्वस्तात पडतो. बाजारात ४४४० चं बोर्ड चहापाण्याच्या पैशांत मिळतं, मग तेच का नको? गिटार थेट त्यात घातली तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. पिकअपला समोर दहा लाख ओहमचा अडसर हवा असतो. ते बोर्ड दहा-वीस हजार ओहमच दाखवतं आणि वरचे स्वर गिळून टाकतं. शाळेतल्या मुलांसाठी म्हणून दुसऱ्या प्रकरणात एलएम३८६ चा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प दिला आहे. अर्धा वॅटसुद्धा धड नाही. पण त्यात शॉक बसत नाही आणि सोल्डर मारायला हात बसतो. ज्यांनी कधी कथील वितळवलेलं नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी, वय काही असो. डाग चकचकीत आला पाहिजे; मळकट, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, आणि तुमचे पुढचे तीन रविवार तो खाणार.

हमबद्दल दोन शब्द, कारण तो तुम्हाला भेटणार आहेच. विजेचे ५० हर्ट्झ रेक्टिफायरमधून निघताना १०० होतात, आणि ते नीट गाळले गेले नाहीत तर स्पीकरमध्ये कायमचे गुणगुणतात. खर्जातली पांढरी पाच साधारण ९८ हर्ट्झची असते. म्हणजे भारतातला अ‍ॅम्प पांढरी पाचच्या किंचित वर हमतो. अमेरिकेतला १२० वर, काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध, धड कुठल्याच पट्टीत नाही. आपल्याला निदान तंबोरा मिळतो, असं म्हणून एका मित्राने वर्षभर तसाच वाजवला. तुम्ही तसं करू नका. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या दोन तारांची घट्ट वेणी घाला आणि चॅसीच्या कोपऱ्यातून न्या. सगळ्या अर्थ एकाच जागी आणा. नव्वद टक्के तंबोरा तिथेच थांबतो.

आता जी गोष्ट पहिल्या पानावर लिहायला हवी होती ती. या अ‍ॅम्पच्या पोटात साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो, कधी कधी कितीतरी वेळ. जुने मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. मी तसं केलेलं आहे आणि करू नका म्हणून सांगतोय. रेझिस्टर लावून उतरवा, मग मीटरने शून्य आल्याची खात्री करा, मगच बोट आत जाऊ द्या. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजायचं असेल तर एक हात खिशात. चॅसीला अर्थिंग, तीन पिनचा प्लग, आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प कधीही चालू करायचा नाही. घरात दुसरं कुणी जागं असताना काम करा, पण त्यांच्याशी गप्पा मारत नव्हे.

आणि सिरीज लॅम्प. कुठल्याही इलेक्ट्रिशियनच्या टेबलावर असतो तोच : प्लग आणि अ‍ॅम्पच्या मध्ये एक बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. ट्रान्सफॉर्मर जळण्यापेक्षा बल्ब पेटलेला बरा. तो जुना, तारेचा, साठ किंवा शंभर वॅटचाच हवा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब आता दुकानांतून नाहीसे होत चाललेत, तेव्हा दिसेल तिथे दोन उचलून ठेवा.

एक होल्डर, एक सॉकेट, दोन मीटर वायर आणि लाकडाची फळी. हा लॅम्प आजच संध्याकाळी बांधा, आकृती पुढच्या पानावर आहे. तो तयार होईपर्यंत तिसरं प्रकरण उघडू नये, ही विनंती.